रुईबाईची हरकत

माझं लग्न जमलं कोपनहेगनला आणि अडलं नरडाण्याला. या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. तो संबंध इंग्रज सरकारनं जोडला, आणि त्या कामी माझी माय, आमच्या गावचे पोलीस पाटील आणि एक शेळी यांनी सरकारला मदत केली.

मी काही विद्वान म्हणून विलायतेला गेलो नव्हतो. जळगावच्या सुगनचंदशेटना आपल्या तेलाच्या गिरणीत नवी यंत्रं बसवायची होती. ती डेन्मार्कात तयार होत. तिथं जाऊन ती चालवायला शिकून येईल असा, इंग्रजी येणारा आणि तिकडेच न रमणारा माणूस शेटना पाहिजे होता. पहिला गुण माझ्यात होता, दुसरा आहे असं मी शपथेवर सांगितलं. यंत्रं शिकलो. ज्या घरी राहत होतो त्या घरची मुलगी इंगर, ती पोरांच्या शाळेत मास्तरीण होती, तिला संध्याकाळी मराठी शिकवू लागलो. मुलगी हुशार, आणि मास्तर तिच्यावर लट्टू. शिकवणीचं जे व्हायचं ते झालं.

परत निघालो तेव्हा स्टेशनावर मी तिला म्हणालो, "येतो."

"येतो कसा? तू तर चाललास," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, तसं म्हणणं अशुभ. निरोप घेताना 'येतो' म्हणायचं. त्यावर ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग तुमच्याकडे माणूस येतोय की जातोय हे कळतं कसं?" मी म्हटलं, पाठ कुणीकडे आहे ते बघायचं. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पुढं या विनोदानं माझी झोप उडवली, म्हणून तो इथं सांगून ठेवतो.

आता इंगरनं बोटीत बसायचं आणि मुंबईला उतरायचं, एवढंच उरलं आहे असं मला वाटत होतं. सरकारला तसं वाटत नव्हतं. कोपनहेगनच्या इंग्रज वकिलातीनं तिला सांगितलं, की हिंदुस्थानात शिरायची परवानगी पाहिजे असेल तर आधी त्या माणसाची चौकशी होईल. त्याला बायको पोसता येते का, त्याचं घर युरोपियन बाईनं राहण्याजोगं आहे का, आणि मुख्य म्हणजे त्याला आधीची एखादी बायको आहे का. घरी एक ठेवून तिकडे दुसरी करणारे आमचे काही बंधू होऊन गेले होते, त्यामुळे सरकारला दोष देता येत नव्हता. इंगरच्या बापानंही एकच अट घातली होती. वकिलातीनं हो म्हटलं तर खुशाल जा, नाही म्हटलं तर त्या माणसाचं नाव पुन्हा या घरात निघता कामा नये.

मला कसली भीती? मी ब्रह्मचारी, नोकरदार, माथ्यावर छप्पर. अर्जात 'पूर्वी विवाह झाला होता काय' या प्रश्नासमोर मी मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं आणि खाली एक रेघही ओढली. ती रेघ मला नंतर फार नडली.

त्या दिवसांत माझा पाय जमिनीवर नव्हता. गिरणीत मी गात असे, आणि माझा आवाज ऐकून मेकॅनिक यंत्राला तेल घालायला धावत. आमच्या गल्लीलाही माझ्याइतकाच उत्साह होता. फक्त डेन्मार्क हा देश आहे हे कुणाला पटेना. चहाच्या पेटीवर हत्ती मार्का, काडीपेटीवर घोडा मार्का, तसा हा डेन मार्का. "पितांबरभाऊंची मंडळी डेन मार्क्याची आहे म्हणे," असं शेटच्या पत्नी लाडकुंवरभाभी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि ऐकणारा मान हलवून म्हणे, "मग माल चांगला असेल." माझ्या मायला गावी निरोप पाठवला तेव्हा तिनं नाव ऐकलं 'इंगळ', आणि सुनेचं नाव जळता निखारा कसं काय ठेवलं, त्यांच्याकडे बारसं कुणी केलं, असा उलटा निरोप धाडला.

शेजारचे गिरधरनाना भुसावळला रेल्वेत गार्ड होते आणि आता पेन्शनीत होते. गोऱ्या माणसाच्या राहणीबद्दल गल्लीत त्यांच्या शब्दाला फार मान होता, कारण गोऱ्या ड्रायव्हरांच्या बंगल्यांवरून त्यांचं रोज जाणं होतं. आत जाणं कधी झालं नव्हतं, पण ही गोष्ट मला उशिरा कळली. चौकशीला अंमलदार येणार म्हटल्यावर नाना माझ्या दोन खोल्यांत हिंडले आणि म्हणाले, "पितांबर, यात मडम राहायची नाही. शेगडीचं धुराडं कुठंय?"

"नाना, जळगावात धुराडं कशाला? वैशाखात तर भिंतीला हात लावला तरी फोड येतो."

"ते तुला झालं. गोऱ्या माणसाला विस्तवापुढं बसल्याशिवाय घर वाटत नाही. मी पाहिलंय."

म्हणून बैठकीच्या खोलीत धुराडं बांधलं. नंतर नाना म्हणाले, आंघोळीचा टब पाहिजे. तसला टब जळगावात मिळेना, म्हणून सुगनचंदशेटनी गिरणीतली एक जुनी टाकी कापून दिली. दहा वेळा उकळत्या पाण्यानं धुतली तरी तिचा सरकीच्या तेलाचा वास जाईना. "असू द्या, थंडीत अंगाला बरं," असं म्हणून शेटनी माझ्या पगाराच्या हमीच्या कागदावर सही ठोकली.

चौकशीला जमादार आले. धुराडं पाहून त्यांनी विचारलं, "भट्टी लावली का? दारूची?" ती समजूत काढता काढता मी त्यांना टब दाखवायला नेलं. ते टबात वाकले, कडेला हात टेकला, कड तेलकट होती, आणि सरकारचा प्रतिनिधी आपल्या पट्ट्यासकट आत बसता झाला. आम्ही तिघांनी ओढून बाहेर काढलं. ते पट्टा पुसत निघून गेले. पण माणूस भला. त्यांनी लिहिलं की घर युरोपियन पद्धतीचं असून स्नानाची सोय भरपूर आहे. जळगावचं काम झालं असं समजून मी गल्लीत पेढे वाटले.

इथं थोडा इतिहास सांगणं भाग आहे. पूर्वी खानदेश एकच जिल्हा होता. मग सरकारनं त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, जळगाव एकाकडे आणि धुळं दुसऱ्याकडे गेलं. ज्या कुणी ती रेघ ओढली त्याला माझ्या लग्नाची कल्पना नसावी. मी राहतो जळगावला, माझं मूळ गाव नरडाण्याजवळ, म्हणजे धुळ्याच्या हद्दीत. त्यामुळे जळगाव कचेरीचे अव्वल कारकून दशपुत्रे मला म्हणाले, "घर आमच्याकडं आहे, ते आम्ही पाहिलं. पण बायको असलीच तर ती मूळ गावी असणार. ते धुळं बघेल." मी म्हटलं, बायको नाहीच. ते शांतपणे म्हणाले, "नाही, हेसुद्धा धुळंच बघेल."

माझा कागद धुळ्याला गेला. मी दर आठवड्याला कचेरीत डोकवायचो. एका सोमवारी दशपुत्रे मला पाहून उठून उभे राहिले. हा माणूस कलेक्टर आला तरी अर्धाच उठतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाटील, आम्हाला तुम्ही कधी बोलला नाहीत. फार वाईट झालं."

"काय झालं?"

"तुमच्या पहिल्या कुटुंबाचं. रुईबाईंचं."

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. पहिली पत्नी रुईबाई. लग्न मुलगा विलायतेस जाण्यापूर्वी, विहिरीच्या काठी, विधिपूर्वक. सध्या मयत. मृत्यूचं कारण, शेळीने खाल्ली.

तेव्हा मला आठवलं. मी बोटीवर जायच्या आधी मायनं मला डोक्याला फेटा बांधून विहिरीच्या काठी रुईच्या झाडाजवळ बसवलं होतं. जोशीबुवा काहीतरी पुटपुटत होते, झाडाला सूत गुंडाळत होते, माझ्या हातून त्याला कुंकू लावलं, वर अक्षता पडल्या. मी मनात बोटीच्या वेळा मोजत होतो. प्रवासाची काहीतरी शांत असेल असं समजून गूळखोबरं खाल्लं आणि निघालो. ते माझं लग्न होतं. माझ्या पत्रिकेत मंगळ होता, पहिली बायको जगायची नाही असं जोश्यांनी सांगितलेलं, म्हणून मायनं पहिली बायको रुई करून टाकली होती. पुढं एका शेळीनं ती बुडख्यापर्यंत फस्त केली. गावात हवालदार चौकशीला आला, 'पोराचं लग्न झालंय का' म्हणून विचारलं, आणि मायला खोटं बोलायची सवय नाही.

दशपुत्र्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झाड असो की बाई, कागदावर पत्नी आहे. आणि तुम्ही अर्जात नाही म्हटलंय. खाली रेघसुद्धा ओढलीय."

त्या दिवशी मी घरी पोचायच्या आधी बातमी गल्लीत पोचली होती. ओट्यावर बायका बसल्या होत्या. लाडकुंवरभाभींनी पदर डोळ्यांना लावलेला. "भाईजी, इतकं दुःख एकट्यानं पोटात ठेवलं," त्या म्हणाल्या. गिरधरनाना माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "शेळी इतकी दांडगी होती?" मी झाडाचं सांगितलं तेव्हा रडणं थांबलं, पण मंडळी उठेनात. भाभी म्हणाल्या, तरी सुतक धरायला पाहिजे होतं. शिवाय दुसरेपणावर येणारीनं सवतीचा टाक, म्हणजे चांदीची प्रतिमा, गळ्यात घालावा लागतो, नाहीतर पहिली त्रास देते. माझ्या घरात माझ्या मयत पत्नीवर ही चर्चा चालू होती आणि मी धुराड्याला टेकून उभा होतो. तेव्हा मला पहिल्यांदाच ते धुराडं उपयोगी पडलं.

इथंच थांबलं असतं तर मी विधुर म्हणून तरी सुटलो असतो. पण धुळ्याकडून प्रश्न आला, की पाटील घराण्यातली बाई जनावरानं खाऊन मरते आणि गावच्या पोलीस पाटलानं त्याची वर्दी का दिली नाही? भाईदास आबा हे आमचे पोलीस पाटील. वर्दी चुकली तर पाटीलकी जाते. आबांनी रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या विहिरीवर गेले. पाऊस होऊन गेला होता. बुडख्याला हिरवे कोंब फुटलेले त्यांनी पाहिले, आणि परत येऊन सरकारला कळवून टाकलं, की रुईबाई मयत नसून जिवंत आहे, प्रकृती उत्तम आहे.

मी पहिल्या गाडीनं नरडाण्याला उतरलो आणि आबांच्या ओट्यावर गेलो.

"आबा, हे काय केलं? माझं लग्न मोडेल."

आबांनी तंबाखू मळली. "भो, मी खोटं लिखं का? चाल, दखाडस तुले. जित्ती शे ती. पानं बी मोठा शेतस."

"पण ती बायको नाही, झाड आहे."

"ते साहेबले सांग. माले फक्त जित्ती का मरेल इतलंच इचारं व्हतं."

तर अशी स्थिती झाली. जळगावच्या कागदावर मी ब्रह्मचारी, धुळ्याच्या पहिल्या कागदावर विधुर आणि दुसऱ्या कागदावर बायको असून दुसरी करायला निघालेला बदमाश. तीनही कागद खरे, सह्यांनिशी. आणि धुळ्याचे दोन्ही कागद मुंबईहून पुढं कोपनहेगनला गेले होते.

त्याच आठवड्यात तार आली. तारवाल्यानं ती माझ्या हातात देताना विचारलं, "ही कसली भाषा?" इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द होते. 'मी येते.'

मी ओट्यावर बसलो. उडी मारावी की डोकं धरावं ते कळेना. ती येते आहे? की वकिलातीत 'याला बायको आहे' हे ऐकून तिनं निरोप घेतला? 'येते' म्हणजे निरोप, हे मीच तिला शिकवलेलं. आणि तारेला पाठ नसते, कुणीकडे आहे ते बघायला.

गल्ली जमली. सुगनचंदशेट म्हणाले, येते म्हणजे येते, त्यात एवढं काय. गिरधरनाना म्हणाले, गोरं माणूस शिकवलेलं विसरत नाही, ही गाडी सुटलेली आहे. लाडकुंवरभाभी म्हणाल्या, रागावलेल्या बाईनं मराठीत कशाला तार केली असती, आपल्या भाषेत शिव्या नसत्या दिल्या? हे मला सगळ्यांत पटलं. मी एकदा या बाजूवर विश्वास ठेवी, एकदा त्या. जेवताना ती येत असे आणि हात धुताना जात असे. तारेला उत्तर काय करावं? 'येते म्हणजे काय' असं विचारावं, तर वकिलातीनं माझ्याबद्दल काय सांगितलं तेही विचारावं लागलं असतं, आणि ते विचारायची माझी छाती होईना. मी एवढंच कळवलं, की परवानगी मिळवतोच. मिळेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं, पण ते लिहिताना मला खरंच वाटलं.

कारण तेवढ्यात बातमी आली होती, की प्रांतसाहेब दौऱ्यावर निघाले असून नरडाण्याला त्यांचा मुक्काम आहे, आणि या भानगडीचा निकाल ते स्वतः लावणार आहेत. हुकूम होता, की अर्जदाराने प्रथम पत्नीसह हजर व्हावे.

मायनं हुकूम ऐकला आणि कुदळ घेतली. रुईचा कोंब मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढला, घागरीत लावला. मी म्हटलं, माय, अशीच नेऊ. ती म्हणाली, "साहेबपुढे सून अशी उघडी ली जाऊ का?" तिनं घागरीला हिरवा खण गुंडाळला, कुंकू लावलं, आणि बैलगाडीत मांडीवर घेऊन बसली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं कुठं निघाला विचारलं, आणि भाईदास आबांनी प्रत्येकाला सांगितलं. आम्ही तंबूपाशी पोचलो तेव्हा मागं निम्मं गाव होतं.

तंबूत प्रांतसाहेब टेबलामागं. तरुण होता, उन्हानं लाल झालेला. शिरस्तेदारानं पुकारलं, "रुईबाई भ्रतार पितांबर पाटील." मायनं घागर टेबलावर ठेवली.

साहेबानं घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग शिरस्तेदाराकडे. शिरस्तेदार म्हणाला, "हीच." साहेबानं आपल्या शिकलेल्या मराठीत मायला विचारलं, "बाई, हे तुम्ही कशाला केला?"

मी काही सांगणार एवढ्यात मायनं मला हातानं मागं सारलं.

"साहेब, मना पोर्‍यानी पत्रिकामा मंगय शे. पहिली बायको जगाव नही, आसं जोशी बोलना. मंग मी कोनी पोर मराले आनू? सोतानी पोर कोनले जड व्हस? म्हनीसन पहिली हाई करी. बकरीनी खाई टाकी तवय मी देवले नारय फोडं. म्हनं, टळनं. आते दुसरी कोठली बी येवो, गोरी येवो का काई येवो, ती जगी."

शिरस्तेदार तिचं बोलणं साहेबाला इंग्रजीत सांगत होता आणि मी खाली बघत होतो. इतके दिवस मी त्या झाडावरून मायवर चिडलो होतो. आणि मी अजून जिचं नावही ऐकलं नव्हतं अशा कुणा मुलीचा जीव वाचावा म्हणून ही बाई विहिरीवर ते लग्न लावून बसली होती. माझे डोळे भरून आले, आणि तंबूत धूळ आहे असं मी आबांना सांगितलं.

साहेबानं लिहिण्याचा टाक दौतीत बुडवला. मग घागरीतल्या पानाला बोट लावलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "या लग्नाला हिची काही हरकत आहे?"

मायनं खण जरा बाजूला करून रुईकडे पाहिलं. "नही, काहीच हरकत नही," ती म्हणाली.

साहेबानं लिहिलं. प्रथम पत्नी समक्ष हजर केली. विचारले असता तिने दुसऱ्या विवाहास हरकत घेतली नाही. अर्जदार हा हिंदू कायद्याने व वनस्पतिशास्त्राने अविवाहित आहे. परवानगी द्यावी.

इंगर मुंबईला उतरली तेव्हा मी धक्क्यावर होतो. बोटीच्या शिडीवरून तिचं तोंड माझ्याकडे आणि पाठ समुद्राकडे होती. जिच्या नुसत्या दोन शब्दांच्या तारेनं माझी झोप गेली होती, ती समोर येऊन उभी राहिली आणि मला एकही भाषा येईना. मी पहिलं काय विचारलं असेल? 'ती तार म्हणजे येते की जाते?' तिला प्रश्नच कळला नाही. "येते म्हणजे येते," ती म्हणाली. "निरोप घ्यायचा असता तर मी दोन शब्दांत थांबले असते का?"

"आणि वकिलातीत?"

"त्यांनी सांगितलं, तुझ्या बायकोला शेळीनं खाल्लं, मग सांगितलं की ती जिवंत आहे. बाबा फार रागावले. मी म्हटलं, खोटं बोलणारा माणूस याच्यापेक्षा चांगलं खोटं बोलेल."

मुंबईलाच नोंदणीनं लग्न झालं, आणि आम्ही गावी गेलो. मायनं तिला ओवाळलं, इंगळ म्हणूनच हाक मारली, आणि चेहऱ्यावर हात फिरवून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं एक चांदीचा लहानसा टाक काढला. त्यावर सोनारानं रुईचं पान कोरलं होतं. ही लाडकुंवरभाभींची सूचना. जळगावहून निरोप धाडून त्यांनी तो करवून घेतला होता. इंगरनं विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं. तिनं तो गळ्यात घातला आणि लगेच म्हणाली, मला तिच्याकडे घेऊन चल.

रुई पुन्हा विहिरीच्या काठी लावली होती. भोवती काटेरी कुंपण होतं. ते आबांनी स्वतः घातलेलं, कारण वर्दीची भीती त्यांना अजून होती. इंगरनं विहिरीचं पाणी काढून मुळाशी घातलं, मायनं केलं तसं कुंकू लावलं आणि जरा वेळ उभी राहिली. गाडीची वेळ झाली होती. मी चल म्हटलं.

ती वळली, आणि दोन पावलं जाऊन पुन्हा मागं पाहिलं.

"येते हं, अक्का," ती म्हणाली.